चिंचेनं उजळलेली नावं

काल दुपारी लेटरबॉक्समधून गावाचं पत्रक पडलं. मधोमध घडी, एक कोपरा भिजलेला. दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर ते येतं. शनिवारी सकाळी दहाला गावाची साफसफाई, हातमोजे आणि दाताळी घेऊन यावं, नंतर हॉलमध्ये सूप. खाली कामांची यादी आणि प्रत्येक कामापुढे नाव. हॉलची पन्हळं, तळ्याकाठचं गवत, बसस्टॉपचा आडोसा. शेवटून दुसरी ओळ अशी: स्मारक, नायजेल, फक्त पानं गोळा करणे. ‘फक्त’च्या खाली रेघ मारलेली आहे. ती रेघ माझ्यासाठी आहे. चार वर्षं झाली, यादी दरवर्षी नव्यानं टाइप होते आणि रेघ दरवर्षी न विसरता मारली जाते.

मी ते पत्रक फ्रिजवर लावलं नाही. आज सकाळी त्यावर दोडक्याच्या शिरा काढल्या आणि गुंडाळून टाकून दिलं.

लोक म्हणतात, इंग्लंडातलं खेडं पाहावं तर या दिवसांत. पाहावं जरूर, राहू नये. झाडं तांबडी-पिवळी होतात ती आठवडाभर. मग ती सगळी पानं खाली येऊन त्यांचा चिखल होतो आणि त्या चिखलाचा एक आंबूस वास महिनाभर नाकातून जात नाही. गल्लीच्या तोंडाशी रानटी सफरचंदं पडून कुजतात. नोव्हेंबर लागला की चार वाजता अंधारायला लागतं. धुराड्यांतून लाकडाचा धूर येतो आणि बाहेर वाळत घातलेली चादर तो वास घेऊन घरात येते. या ऋतूबद्दल मी एके काळी गोड गोड लिहिलंसुद्धा आहे, लंडनमधल्या एजवेअरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात. आता तो लेख वाचला तर मला लाज वाटेल. याच ऋतूत मी या गावातली एक गोष्ट घालवली आणि ती परत आणता येणारी नाही. गाव मला ज्यासाठी दोष देतं, ती ही गोष्ट नव्हे.

आमचं गाव एकशे ऐंशी घरांचं. एक चर्च, एक हॉल, एक तळं, एक टेलिफोनची लाल खोली, जिच्यात आता फोन नाही, जुनी पुस्तकं आहेत. सगळं गाव पाळ्यांवर चालतं. चर्चमध्ये फुलं ठेवायची पाळी, पायवाटेवरची काटेरी झुडपं छाटायची पाळी, हॉलमध्ये चहाच्या बंबापाशी उभं राहायची पाळी. हे वाचताना वाटेल, किती छान, किती एकोपा. एकोपा आहेच. फक्त त्याला दार आहे आणि दाराला आतून कडी आहे.

मी तीस वर्षं जवळच्या शहरातल्या हॉस्पिटलात भूल द्यायचं काम केलं. या गावातल्या निम्म्या लोकांना मी कधी ना कधी झोपवलेलं आहे. गुडघा बदलताना, पित्ताशय काढताना, बाळंतपणात. स्वतःचा श्वास माझ्या हाती देताना कोणी कधी कां-कूं केलं नाही. चहाचा बंब मात्र एकोणीस वर्षांत हाती दिला नाही. माझ्या वाट्याला खुर्च्या. कार्यक्रम झाला की एकावर एक सहा रचून भिंतीला लावायच्या. मी म्हणायची, मला फुलं द्या, मला पायवाट द्या. त्यावर नायजेल म्हणायचा, “लक्षात ठेवतो.” नायजेल म्हणजे आमच्या समितीचा अध्यक्ष, निवृत्त सर्व्हेअर, हिरवा कोट, करडा कुत्रा. इंग्रज माणूस ‘लक्षात ठेवतो’ म्हणाला की ते काम झालं नाही असं समजावं.

“अगं, खुर्च्या हेही कामच,” आमचे हे म्हणायचे. “पाठीला व्यायाम.” हे सर्जन होते, यांना कुठल्याच पाळीत रस नव्हता. बाहेरच्या माणसानं बाहेरच्यासारखं सुखात राहावं, असं यांचं मत. मला ते जमत नव्हतं. मला या गावातली एक बाई म्हणून मोजलं जायला हवं होतं. हसू येईल, पण साठी उलटलेल्या बाईला पाळीच्या कागदावर स्वतःचं नाव पाहायची हाव सुटली होती.

आणि चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात ते नाव दिसलं. स्मारक साफ करणे: मीना.

स्मारक चौकात आहे, चर्चच्या फाटकासमोर. तीन पायऱ्या, वर दगडी खांब, खांबावर एक ब्राँझची पाटी. त्या पाटीवर दोन्ही महायुद्धांत गेलेल्या गावच्या माणसांची नावं, उठावाच्या अक्षरांत. पहिल्या युद्धातली एकोणीस, दुसऱ्यातली सहा. नोव्हेंबरातल्या एका रविवारी गाव तिथं जमतं, कोटाला कागदी लाल फुलं लावतं आणि दोन मिनिटं गप्प उभं राहतं. मीही उभी राहायची. आणि दर वर्षी माझ्या मनात एकच यायचं: यांना या नावांचं इतकं प्रेम, मग पाटी इतकी काळी कशी ठेवतात? पार काजळलेली. पायरीवरून वाचायचं म्हटलं तर डोळे ताणावे लागत.

मी नाशिकची, तांब्या-पितळेच्या गावची. दिवाळीच्या आधी आमच्या घरी आई अंगणात पाट टाकून बसायची. शेजारी चिंचेचा कोळ, जाडं मीठ आणि नारळाची शेंडी. देव, समया, घंगाळ, गडू, सगळं तिच्यासमोर ओळीनं. चिंच लागली की काळं पितळ आधी गुलाबी व्हायचं, मग पिवळं, मग पाण्याखाली धरलं की असं काही लखलखायचं की आई स्वतःशीच हसायची. आमची बोटं सुरकुतायची, नखांखाली चिंच जायची आणि जेवताना मीठ झोंबायचं. आई म्हणायची, काळा देव म्हणजे घरातल्या बाईची लाज. हे मला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. ते माझ्या हातात आहे.

तेव्हा शनिवारची वाट न पाहता मी बुधवारी सकाळीच चौकात गेले. एजवेअरहून आणलेला चिंचेचा गोळा आदल्या दिवशी भिजत घातला होता. डब्यात कोळ, पुडीत मीठ, यांचे दोन जुने बनियन, पाण्याच्या चार बाटल्या. धुकं होतं. चौकात चिटपाखरू नव्हतं. समोर डोरीनच्या घराचे पडदेसुद्धा लावलेले. डोरीन म्हणजे गावातली माझी एकुलती एक मैत्रीण म्हणा, ऐंशी ओलांडलेली, फटकळ. ती माझं लिंबाचं लोणचं चीजबरोबर खायची आणि ते कसं चुकलंय ते मला सांगायची. ती असती तर खिडकीतून ओरडली असती. पण खुब्याचं हाड मोडल्यामुळे ती त्या आठवड्यात हॉस्पिटलात होती.

दोन सकाळी मी घासत होते. पहिल्यांदा मेणचट थर निघाला, मग काळं, मग तपकिरी. एकेक नाव बाहेर यायला लागलं. मी ती मोठ्यानं वाचत होते, नाहीतरी ऐकायला कोणी नव्हतं. खालच्या सहांमधलं एक नाव, डब्ल्यू. हेल, तिथं मला फारसं घासावं लागलं नाही. तिथली अक्षरं आधीच थोडी उजळ आणि गुळगुळीत होती. मला वाटलं, पावसाचं पाणी तिथूनच ओघळत असेल. त्यावरही मी बोळा फिरवला आणि बाकीच्यांसारखंच लख्ख केलं. गुरुवारी दुपारी ऊन पडलं तेव्हा पाटी अशी दिसत होती की मी पायरीवर बसून रडले. आईची आठवण आली म्हणून रडले, आणि आता हे लोक काय म्हणतील या आनंदानंही.

शनिवारी ते आले. दाताळी, ढकलगाड्या, रबरी बूट. चौकात येऊन सगळे थांबले.

“हे फारच चकाकतंय,” कोणीतरी म्हणालं.

“मीना,” नायजेल हळू म्हणाला, “तुम्ही नक्की काय वापरलंत?”

मी डबा पुढे केला. त्यानं वास घेतला. मग डबा अगदी सभ्यपणे मला परत दिला आणि म्हणाला की आपण सूप घेऊ या. त्या दिवशी हॉलमध्ये माझ्या टेबलावर मी एकटी होते. इथे कोणी अंगावर ओरडत नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. इथे लोक दुसरीकडे बघून हवामानाबद्दल बोलायला लागतात.

पुढचं सगळं पावसानं केलं. मीठ आणि आंबट पोटात घेतलेल्या त्या धातूवर आठवड्याभरात हिरवट फोड उठले. हिरवं पाणी अक्षरांतून ओघळून दगडावर आलं, पांढऱ्या दगडावर हिरवे ओघळ, खांबभर. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी फोनवर गौरीला फोटो पाठवला. गौरी आमची मुलगी, एडिनबऱ्यात असते, इथेच जन्मलेली.

“आई, ओ माय गॉड. ब्राँझ असा क्लीन करायचा नसतो. ते ब्लॅक जो आहे ना, ती डर्ट नाहीये, ते प्रोटेक्शन आहे. तू गूगल का नाही केलास?”

“चिंचेचं गूगल कोण करतं?” मी म्हणाले.

“आय नो, पण आता कौन्सिलला सॉरी बोल. प्लीज फाइट नको करू.”

हे मागून म्हणाले, “शंभर वर्षं दोन सकाळींत काढलीस. थिएटरमध्ये तू एवढी फास्ट कधीच नव्हतीस.”

मी सॉरी म्हटलं नाही. समितीचं पत्र आलं त्यात ‘वारसा’ हा शब्द पाच वेळा होता आणि माझं नाव एकदाही नव्हतं. ‘एका रहिवाशानं’ असं होतं. एकोणीस वर्षं खुर्च्या रचून मी ‘एक रहिवासी’ झाले होते. माझं डोकं फिरलं. सभेच्या संध्याकाळी मी हॉलमध्ये उभी राहिले आणि जे बोलले त्यातला शब्दन् शब्द मला आठवतो. म्हणाले, तुमच्या यादीत लिहिलं होतं स्मारक साफ करणे. कशानं करायचं, कशानं नाही, हे कुठे लिहिलं होतं? या पाटीला काय चालत नाही, हे तुम्हांपैकी कोणाला माहीत होतं? होतं तर मला का सांगितलं नाही? मला कोणी काही सांगतच नाही, कारण माझ्याशी कोणी बोलतच नाही. आणि एवढंच प्रेम होतं तर तुमच्या पोरांची नावं इतकी वर्षं वाचता का येत नव्हती?

मागे चहाचा बंब खदखदत होता.

नायजेल भला माणूस नाही, पण खोटाही नाही. तो म्हणाला की यादीत सूचना नव्हती, ही समितीची चूक आहे. तसं टिपणात लिहिलं गेलं. मी जिंकले. घरी येऊन मी भाजणी काढली आणि दुसऱ्या दिवशी चकल्या तळल्या. दिवाळी तोंडावर होती आणि मला कोणालातरी जिंकल्याचं सांगायचं होतं. डोरीन हॉस्पिटलातून परत आली होती. मी डबा भरून तिच्याकडे गेले.

तिनं दार उघडलं, पण पुरतं नाही. वॉकर मध्ये होता. ती माझ्या डब्याकडे बघत नव्हती, माझ्या मागे बघत होती, चौकाकडे.

“मी सभा जिंकले,” मी सांगितलं.

“ऐकलं,” ती म्हणाली. “माझ्या वडिलांचं नाव त्या पाटीवर आहे, ठाऊक आहे तुला?”

मला ठाऊक नव्हतं. तिचं आडनाव लग्नानंतरचं.

“विल्यम हेल. मी चार वर्षांची होते. त्यांचं थडगं कुठे नाही, समुद्रात गेले. आई दर रविवारी चर्चमधून निघाली की पायऱ्या चढायची आणि त्यांच्या नावावरून बोट फिरवायची. पाऊस असो, बर्फ असो, चाळीस वर्षं. हातमोजा काढून. सगळ्या काळ्या पाटीत तेवढं एक नाव उजळ झालं होतं. आई गेली, मग मी रोज या खिडकीतून ते बघायची. मी स्वतः कधी हात लावला नाही. ते तिचं होतं.”

मी डबा खाली घेतला.

“तू सगळीच उजळलीस,” ती म्हणाली. “आता त्यातलं आईचं कुठलं ते दिसत नाही.”

आणि दार लावलं. डबा माझ्या हातातच राहिला.

मला सगळ्यांचा राग येत होता तोवर बरं होतं. रागात माणूस उभं राहतं. त्या दिवशी घरापर्यंत येताना मला तो राग सापडेना. तिथं मला फारसं घासावं लागलं नव्हतं, हे मला आठवलं. बोटाखाली लागलेला तो गुळगुळीतपणा आठवला. आमच्या आईच्या गडूच्या कानाशी असाच एक खोलगा आहे, तिच्या अंगठ्याचा. माझ्या स्वयंपाकघरात तो गडू आहे आणि तो खोलगा मी रोज चाचपते. उद्या कोणी भला माणूस येऊन तो ठोकून नीट करून देईल तर मी काय करीन? मी त्याचं नाव टाकीन. डोरीननं तेच केलं.

वसंतात कुणी जाणकार बाई आली, तिनं पाटीवरचं सगळं मीठ काढलं, रंग पुन्हा गडद केला, मेण चढवलं. आता पाटी तपकिरी-काळी आहे, सगळी नावं सारखीच गडद. खाली समितीनं एक छोटी पट्टी लावली आहे: कृपया स्पर्श करू नये. मला पुन्हा खुर्च्याही दिल्या नाहीत. मीही मागितल्या नाहीत. जवळजवळ चार वर्षं डोरीन माझ्याशी बोलली नाही. दुकानात समोर आली की ती डब्यांवरचे बारीक अक्षरातले मजकूर वाचायला लागायची. मी लिंबाचं लोणचं घालणं सोडून दिलं.

या वर्षी सप्टेंबर संपता संपता मी सकाळी फिरून येत होते. डोरीन स्मारकाच्या पहिल्या पायरीशी उभी होती, वॉकर बाजूला. एक पाय वर, एक खाली, आणि दोन्हीकडे जाता येईना. मी लांबच थांबले. मदतीला गेले आणि तिनं झिडकारलं तर, ही भीती होती. खरं सांगायचं तर थोडी खुशीही होती, की आता कळू दे.

“बघत काय उभी राहिलीस,” ती मान न वळवता म्हणाली. “हात दे.”

मी हात दिला. तीन पायऱ्या चढायला आम्हांला किती वेळ लागला देव जाणे. वर पोचल्यावर तिनं हातमोजा दातांनी काढला. थंडीनं निळसर झालेलं, सांध्याशी वाकडं झालेलं बोट तिनं वडिलांच्या नावावर ठेवलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत फिरवलं. मग पुन्हा.

“हे माफ करणं नव्हे,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“आईला चाळीस वर्षं लागली. मी पंच्याऐंशीची आहे.”

मी तिचा दंड धरून उभी राहिले.

तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला मी चौकात असते. पाळीच्या कुठल्याही कागदावर हे काम नाही. मी फक्त दंड धरते. नावाला हात लावत नाही, तिनं तसं स्पष्ट बजावलंय. एकदा नायजेल कुत्र्याला घेऊन तिथून गेला. त्यानं ती पट्टी पाहिली, डोरीनचं बोट पाहिलं, मला पाहिलं. डोरीननं त्याच्याकडे असं बघितलं की तो कुत्र्याशी हवामानाबद्दल बोलत निघून गेला.

आज पत्रक केराच्या डब्यात टाकून मी गेले. रात्रभर वारा होता, पायऱ्यांवर पानांचा थर होता. तो मी बुटानं सारला. फक्त पानं, तेवढी मला परवानगी आहे. डोरीनचं बोट फिरत होतं. नोव्हेंबर जवळ आला की सूर्य चर्चच्या छपरावरून तिरका येतो आणि काही मिनिटं नेमका पाटीवर पडतो. त्या उजेडात मला हेलमधल्या एचची डावी उभी रेघ बाकीच्यांपेक्षा किंचित फिकट दिसली. मी डोळे बारीक करून पुन्हा पाहिली.

“एच उजळतोय,” मी म्हणाले.

“ते ऊन आहे,” डोरीन म्हणाली, आणि उतरायला हात पुढे केला.